नाव नसलेला दगड

चंद्रपूरला अचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत सर्वांत भव्य समाधी बीरशहाची. अठराव्या शतकाच्या आरंभी ती राणी हिराईने उभारली. १६३१ साली निवर्तलेल्या मुमताजसाठी शहाजहानने बांधलेला ताज जगाला ठाऊक आहे. पतीसाठी पत्नीने बांधलेली ही वास्तू आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली असेल?

तेथे हिंडताना मला आजोबांचा दगड आठवला. भामरागडकडे माडिया लोक मृतांसाठी दगड उभे करतात. आमच्या गावीही तशीच रीत. मोहाच्या झाडाखालच्या त्या दगडावर नाव नाही. आमच्या घरात लिहिणारा मीच पहिला. गेल्या सुटीत छिन्नी घेऊन निघालो, तेव्हा आजी म्हणाली, "नाव कायले लिवतं बाबू? मी आहो ना सांगाले."

तिच्याजवळ राणीचा खजिना नव्हता. पण दर चैत्रात मोहफुले वेचताना पहिली ओंजळ ती त्या दगडापाशी ठेवते. समाधी राजाची असो वा रानातली, तिच्याविषयी सांगणारे माणूस लागते. आजी आता थकली आहे. छिन्नी मी ठेवून दिली, आणि रोज रात्री तिला आजोबांविषयी विचारू लागलो.