भार कुठे पडतोय?

पीण्यात चित्रकलेचा वर्ग घेते म्हटलं की बंगळुरूतली माणसंसुद्धा पुन्हा विचारतात, ‘पीण्यात?’ चित्रं म्हटली की त्यांना कुमारकृपा रोडवरची चित्रकला परिषद आठवते, जानेवारीत तिथल्या रस्त्यावर भरणारी चित्रसंते आठवते. तुमकूर रोडला लागून सत्तरच्या दशकात वसवलेल्या या वसाहतीत आहेत ती लेथ, प्रेस, पावडर कोटिंगची दुकानं आणि गारमेंट फॅक्टऱ्या. २०१४ साली मेट्रो पीण्या इंडस्ट्रीपर्यंत आली, त्यामुळे लांबून येणाऱ्यांची सोय झाली. रविवारी एका शेडच्या पोटमाळ्यावर आम्ही बसतो. येणारे बहुतेक टर्नर, फिटर, क्वालिटीतली पोरं, एखाददुसरा ड्राफ्ट्समन.

माणसं मापाला पक्की. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून रोज जॉब पास-नापास करणारी. तरी समोर लेथचा चक ठेवला की नवा माणूस हमखास एकच करतो : वरचं तोंड गोल काढतो आणि बूड सरळ रेघेत. त्यात अडाणीपणा नाही, उलट शिक्षण आहे. प्लॅनमध्ये चक गोल असतो, एलिव्हेशनमध्ये बूड सपाट असतं, आणि ड्रॉइंग वाचून वाचून दोन्ही डोळ्यांत बसलेलं असतं. पण एका स्टुलावर बसलेल्या माणसाला दोन्ही एकदम दिसू शकत नाहीत. मी पाइपचा आखूड तुकडा त्याच्या डोळ्यांच्या पातळीला धरते; तोंडाची कड मिटून रेघ होते. मग तो हळूहळू खाली नेते, तसं लंबवर्तुळ उघडत जातं. म्हणजे बूड तोंडापेक्षा जास्त उघडं हवं. हे एकदा दिसलं की ही मंडळी कॉलेजच्या मुलांपेक्षा भराभर पुढे जातात.

महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांमुळे वस्तुचित्र म्हटलं की तांब्या, पेला, दोन फळं आणि मागे कापड असंच डोळ्यांपुढे येतं. मीही बेळगावात तेच काढत वाढले. इथे तांब्या मांडून उपयोग नाही, तो कुणी धड बघतच नाही. बेव्हल गिअर, तेलाचा कॅन, कॉटन वेस्टचा बोळा आणि लेथवरून उतरलेली निळसर, गुंडाळलेली चिप मांडली की माना पुढे येतात. प्रकाश एकाच बाजूने, बाकीचे ट्यूब बंद. पॉलिश केलेल्या लोखंडात सगळ्यात काळा पट्टा सगळ्यात उजळ पट्ट्याला खेटून असतो, मध्ये राखाडी जवळजवळ नसतोच; आणि त्या काळ्यात काढणाऱ्याचा स्वतःचा शर्ट दिसतो. पण मी सगळ्यात आधी विचारते ते वेगळंच : हा गिअर टेकलाय कुठे? जिथे वस्तू टेबलाला चिकटते तिथे सावली बारीक आणि गडद असते. ती रेघ चुकली तर बाकी कितीही घोटा, गिअर हवेत तरंगतो.

माणूस समोर आला तरी प्रश्न तोच. जिवंत मॉडेलवरून शिकवणं आपल्याकडे रुळायला वेळ लागला. मुंबईचं जे. जे. १८५७ साली सुरू झालं ते मुळात कारागिरी आणि उद्योग सुधारावेत म्हणून. विद्यार्थी वर्षानुवर्षं प्लास्टरचे पुतळे घोटत होते. नग्न मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग पक्का झाला तो ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ नंतर तिथे प्रमुख असताना. आमच्या बेळगावात के. बी. कुलकर्णींच्या चित्रमंदिरात माणूस समोर बसवून व्यक्तिचित्रं व्हायची. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. पुतळ्यावरून काढणारा आणि माणसावरून काढणारा यांत मला दिसणारा फरक साधा आहे. पुतळ्याचा तोल कुणीतरी आधीच सोडवून ठेवलेला असतो. माणूस तो प्रत्येक क्षणी नव्याने सोडवत असतो.

म्हणून इथे ओळंबा लागतो, गवंड्याचा पितळी, दोरीचा. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्या पायाच्या घोट्यापाशी येतो. त्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं, खांदा खाली येतो. फिटरला हे दोनदा सांगावं लागत नाही; भार कुठून कुठे जातो यावर त्याचं पोट आहे.

आमची मॉडेलं कपड्यांतच बसतात. त्याबद्दल काही कलावंत मित्र नाक मुरडतात. शरीरशास्त्र उघड्या अंगावरूनच नीट कळतं, हे मला मान्य आहे. ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट २०१७ च्या इफ्फीतून वगळला गेला तेव्हा मला चीडही आली होती. पण पीण्यातल्या पोटमाळ्यावर ते जमणार नाही आणि जमवायचा हट्टही नाही. शिवाय सिक्युरिटी गार्डचा इस्त्रीचा शर्ट बरंच बोलतो : चुण्या जिथून सुटतात तिथे ताण असतो, खांद्याच्या टोकावर, कोपरात, पट्ट्यापाशी. चुण्या मोजत बसू नका, त्या कुठून निघाल्या ते बघा.

स्थिर बसणं हे काम आहे, आणि कष्टाचं आहे. आधी मिनिट-दोन मिनिटांच्या पोझ, मग वीस मिनिटांची, मध्ये विश्रांती. पावलांभोवती खडूने खूण, म्हणजे परत त्याच जागी उभं राहता येतं. दहा मिनिटांत खांदा उतरतो, हनुवटी खाली येते, पायाला मुंग्या येतात. म्हणून खांद्याची रेघ आधी पकडायची, चेहरा मागाहून. पैशांचा प्रश्न वर्गानेच सोडवला. १९४८ च्या कारखाने कायद्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर होता, तोच मॉडेलला. ज्यांना ओव्हरटाइम म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्यांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही. सुशिक्षित चित्रकारांकडून असा अनुभव मला क्वचितच आला.

म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री आहे. लोक ती रवी वर्म्याची समजतात आणि तैलरंगातली समजतात. दोन्ही चूक, ते जलरंगातलं काम आहे. मॉडेल होती त्यांची मुलगी गीता. आमची मंडळी तिथे गेली तेव्हा ज्योतीसमोरच्या बोटांतून झिरपणाऱ्या उजेडापाशी सगळे थांबले, तसे सगळेच थांबतात. एका टर्नरने मात्र विचारलं, ‘मेडम, हात इतका वेळ वर धरायचा म्हणजे कोपर कुठे टेकवलं असेल?’ मला तो प्रश्न त्या चित्रावरच्या बऱ्याच लेखांपेक्षा आवडला.

अलीकडे एका गारमेंट फॅक्टरीतल्या अक्का पोझला येतात. शिवणयंत्र मिळालं नाही, म्हणून टेबलासमोर बसवून मी त्यांना शिवताना असता तशा बसा म्हटलं. विश्रांतीत त्या सगळ्यांच्या बोर्डांवरून नजर फिरवत गेल्या आणि म्हणाल्या, पाय चुकलाय. पुढे दाबलं की मशीन पळतं, टाच मागे दाबली की दोरा कापला जातो. आत्ता मी दोरा कापतेय. सगळ्यांनी पाऊल खोडलं. मग एका ड्राफ्ट्समनने हटकलं, टाच दाबली तर गुडघा वर यायला हवा, आणि गुडघा आला तर मांडी, आणि मांडी आली तर... अक्का परत बसल्या, पेडल नसताना टाच दाबून दाखवली. त्यांच्या दुसऱ्या कुल्ल्यावर भार सरकला तो सगळ्यांना दिसला. आता पोझ लावून झाली की मी मॉडेललाच आधी विचारते, आणि मगच खडूने खुणा करते.