फिरत्या इंजिनाची ओढ

गिरणगावात वाढलेल्या माणसाला यंत्र डोळ्यांआधी कानांनी कळते. आमचे वडील परळच्या एका गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर होते. साच्याचा आवाज किंचित बदलला की तो बंद पडण्याआधीच ते पाना घेऊन उठत. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघे भाऊ शिकलो. एक लेथवर टर्नर झाला, दुसरा वेल्डिंगमध्ये स्थिरावला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक भोंगा कायमचा थांबला आणि गिरण्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे उभे राहिले. हातांची सवय मात्र जात नाही. लालबागच्या एका गाळ्यात आमचा जुना लेथ अद्याप तेलपाणी करून ठेवलेला आहे. रविवारची मिस्सा आणि जेवण आटोपले की आमची पावले आपोआप तिकडे वळतात.

याच गाळ्यात आमच्या बहिणीच्या मुलाने आपला मनसुबा आम्हांला सांगितला. तो तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात होता. पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची, दोन माणसांची, अगदी हलकी मोटार त्याला स्वतः बांधायची होती. रस्त्यासाठी नव्हे, केवळ शर्यतीच्या धावमार्गासाठी. आणि तिच्यात बसवायचे होते रोटरी इंजिन. त्यासाठी लागणारा पैसा त्याच्या आईने पुढील शिक्षणासाठी बाजूला ठेवला होता. बहीण आम्हांला एवढेच म्हणाली, "दादा, गाडी चालेल की नाही ते तुम्ही दोघे बघा. पण हा पुढे कशावर चालेल, तेही मला सांगा." हा प्रश्न कोणत्याही इंजिनापेक्षा जड होता.

हे इंजिन आहे तरी काय? नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि ती ये-जा क्रँकच्या साह्याने फिरण्यात बदलावी लागते. रोटरीत पिस्टनच नाही. कमरेत जराशा दबलेल्या, इंग्रजी आठाच्या आकड्याची आठवण करून देणाऱ्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण घुमत असतो. त्याच्या प्रत्येक बाजूपाशी मिश्रण आत येते, दाबले जाते, पेटते आणि बाहेर पडते. वाल्व नाहीत, त्यांना उघडणारी यंत्रणा नाही. रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधला दांडा तीन फेरे घेतो आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात एक स्फोट होतो. साध्या चार फेरी इंजिनाच्या सिलिंडरला त्यासाठी दांड्याचे दोन फेरे लागतात. म्हणून हे इंजिन लहान, हलके, थरथर न करणारे आणि तरीही जोरकस असते. माझ्दा कंपनीच्या १३बी या प्रसिद्ध इंजिनात प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटरचे दोनच रोटर आहेत.

ही कल्पना फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची. १९०२ साली जन्मलेल्या या गृहस्थाजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती आणि त्याने मोटार चालविण्याचा परवानाही कधी काढला नाही. एनएसयू कंपनीत त्याचे पहिले इंजिन १९५७ च्या फेब्रुवारीत फिरले. १९६७ साली त्याच कंपनीने रो ८० ही देखणी मोटार बाजारात आणली. परंतु त्रिकोणाच्या टोकांवरील सील लवकर झिजू लागली, इंजिने बदलून देता देता कंपनी खंगली आणि १९६९ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तिकडे हिरोशिमात माझ्दाचे केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी याच सीलांशी झगडत होते. पोकळीच्या आतील भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांना त्यांनी 'सैतानाच्या नखांचे व्रण' असे नाव दिले होते. सीलांसाठी वेगळा पदार्थ घडविल्यावरच १९६७ मध्ये त्यांची कॉस्मो ही मोटार बाहेर पडली. पुढे १९९१ साली फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चार रोटरांची माझ्दा ७८७बी पहिली आली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी मोटार.

आता हलक्या गाडीचे. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन काढली. ताकद वाढविण्याआधी वजन घटवावे, हे त्यांचे सूत्र. ही गाडी सुट्या भागांत घेऊन घरी जोडली तर तिकडे कर वाचत असे. पुढे रॉन चॅम्पियन या शिक्षकाने तशा घाटाची गाडी भंगारातल्या भागांतून कशी बांधावी, यावर १९९६ साली पुस्तकच लिहिले. अशा गाड्यांत रोटरी बसविणारे हौशी लोक जगभर आहेत. भाच्याने हे सारे वाचले होते. आमच्याकडे मात्र अडचण निराळी. माझ्दाने आपल्या मोटारी भारतात कधी विकल्या नाहीत. हे नाव आपल्याला ठाऊक झाले ते स्वराज माझ्दाच्या लहान ट्रक आणि बसगाड्यांमुळे. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत कोणत्याही जुन्या फियाटचा भाग मिळेल. रोटरीचे सील मागितले तर दुकानदार चहा पाजून परत पाठवील.

तेव्हा आम्ही ठरविले की, पैसा खर्च करण्याआधी लाकूड खर्च करावे. मिळविलेल्या मापांवरून जाड प्लायवूडचे काप एकावर एक चिकटवून आम्ही त्या इंजिनाची हुबेहूब आकृती केली आणि मधून लोखंडी सळई दांडा म्हणून घातली. ती सांगाड्यात ठेवताच कागदावर न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. इंजिन आखूड असल्यामुळे पुढच्या चाकांच्या बरेच मागे बसत होते. वजनाचा तोल त्यामुळे सुरेख साधत होता. परंतु हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी तोंडे एकाच बाजूला आहेत. रोटरीचा धूर अतिशय तप्त असतो, आणि ती नळी शेजारी बसणाऱ्याच्या पायांजवळून जात होती. पाण्याच्या रेडिएटरखेरीज तेलासाठी स्वतंत्र कूलर हवा होता. शिवाय हे इंजिन पेट्रोल भरपूर पिते आणि सीलांना वंगण मिळावे म्हणून थोडे तेलही सतत जाळते. सांभाळणाऱ्याचा हात आणि खिसा दोन्ही सैल हवेत.

नियमांचेही पाहिले. माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या संस्थांचे विद्यार्थी आपल्या हाताने बांधलेल्या गाड्या घेऊन ज्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत उतरतात, तिथे केवळ चार फेरी पिस्टन इंजिन चालते, तेही ७१० घनसेंटिमीटरपर्यंतचे. रोटरीला तिथे दार बंद. रस्त्यावर आणायची तर नव्या नमुन्याच्या वाहनाला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रमाणपत्र लागते. घरगुती गाडीला ते कुठून मिळणार? मुंबईत मोटारशर्यतीचा कायमचा धावमार्ग नाही. म्हणजे गाडी ट्रकवर चढवून कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या बाजूला नेणे आले.

एका रविवारी आम्ही भाच्याला आपल्याच मातीतल्या दोन हकिकती सांगितल्या. पहिली इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, त्यांनी 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला. सामान्य कुटुंबाला परवडावी अशी ती गाडी. नंतर कित्येक वर्षे ते एकामागून एक सुधारलेले नमुने बांधत राहिले. गाडी रस्त्यावर धावली. उत्पादनाचा परवाना मात्र अखेरपर्यंत मिळाला नाही. दुसरी हकिकत अहमदनगरची, आताच्या अहिल्यानगरची. तेथील व्हीआरडीई या संरक्षण खात्याच्या संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन देशातच विकसित केले आणि २००९ साली कर्नाटकात कोलारजवळ 'निशांत' हे वैमानिकरहित विमान त्या इंजिनावर उडाले. ज्या इंजिनाचे सील मुंबईच्या बाजारात मिळत नाही, त्या जातीचे इंजिन आपल्याच राज्यात घडले होते.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "मामा, शंकररावांचे आयुष्य फुकट गेले असे तुम्हांला वाटते का?" आम्ही म्हणालो, मुळीच नाही, पण त्यांनी गाडी आपल्या घामावर बांधली. तू आईच्या पैशांवर बांधायला निघाला आहेस. फरक आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

त्याने राग धरला नाही. आठवडाभराने तो स्वतःच नवा आराखडा घेऊन आला. आईच्या पैशांना हात लावायचा नाही. अपघातात मोडलेल्या मोटारसायकलचे ३७३ घनसेंटिमीटरचे एक सिलिंडरी इंजिन घ्यायचे. मागचा अ‍ॅक्सल भंगारातील मारुती व्हॅनचा. मात्र पुढे केव्हा तरी रोटरी बसेल एवढी जागा सांगाड्यात राखायची आणि मोजमाप त्या लाकडी इंजिनावरूनच घ्यायचे. मोटारसायकलच्या दातेरी चाकाच्या जागी बसणारा जोड आम्ही लेथवर वळून दिला. सांगाड्याचा एकूण एक जोड भाच्याने वेल्डिंग केला. पहिले सहा आम्ही कापून टाकले, सातवा राहू दिला. मोटारसायकलच्या गिअरबॉक्सला उलटा गिअर नसतो, त्यामुळे ही गाडी मागे घ्यायची तर ढकलावी लागते. ते काम मामांचे आहे, असे त्याने परस्पर ठरवून टाकले आहे.

आज तो पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी येतो. स्वतःच्या पगारातून रोटरीसाठी थोडे थोडे बाजूला टाकतो. बहीण आता हिशेब विचारत नाही. डबा मात्र चौघांना पुरेल एवढा पाठवते. इंजिन गाळ्यात सुरू झाले आहे, गाडी धावमार्गावर जायची आहे.

आपल्या घरांतही असे एखादे वेड लागलेले मूल असेल. त्याला चटकन 'नाही' म्हणणे सोपे असते आणि पाकीट उघडून देणे त्याहूनही सोपे. त्याच्याशेजारी बसून लाकडाचे इंजिन करायला मात्र वेळ द्यावा लागतो. आमच्या वडिलांनी आम्हांला गिरणीचा पगार ठेवला नाही, ठेवला तो कान. तो पुढच्या पिढीकडे गेला की नाही याची आम्हांला पुष्कळ वर्षे धाकधूक होती. परवा गाळ्यात इंजिन सुरू असताना भाचा मधेच थांबला, मान वाकडी करून ऐकत राहिला आणि म्हणाला, "मामा, चेन जरा सैल वाटते." आम्ही तपासून पाहिले. चेन सैल होती.