एका गुणाची गोष्ट

डिसेंबरच्या विसाव्या तारखेपासून जानेवारी संपेपर्यंत आमच्याकडे बहिरमची जत्रा असते. अचलपूर-परतवाड्याची माणसं हंडीतलं मटण खायला जातात, पोरं फुगे फोडायला. 2023 च्या जानेवारीत मी आपाच्या मुलाला घेऊन गेलो होतो. तो तेव्हा बारा वर्षांचा. बंदुकीची नळी वाकडी आहे हे त्याने पहिल्या दोन छऱ्यांतच ओळखलं आणि मग नेम थोडा डावीकडे धरून ओळीने दहा फुगे फोडले. अकराव्याला दुकानदार हात जोडून म्हणाला, "बस कर, बेटा."

परतताना भाचा म्हणाला, "मामू, मुझे तीर चलाना सीखना है."

मी हसलो. "त्यावर पोट भरतं का? त्या धनुष्याची किंमत लाखांत असते." तो गप्प बसला. पुन्हा त्याने विषय काढला नाही. आमच्या घरात मुलं अशीच गप्प बसतात. मीही बसलो होतो.

मे महिन्यात पेपरात बातमी आली. शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माईक श्लोसरला हरवलं होतं. श्लोसर नेदरलँड्सचा, इतका अचूक की त्याला 'मिस्टर परफेक्ट' म्हणतात. प्रथमेश होता एकोणीस वर्षांचा.

बुलढाणा म्हणजे आपलं वऱ्हाडच. मी ती बातमी तीनदा वाचली.

हा खेळ कंपाउंड धनुष्याचा. धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. लक्ष्य पन्नास मीटरवर, दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटरचं, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. बाण पंधरा, जास्तीत जास्त गुण 150. प्रथमेशचे झाले 149, श्लोसरचे 148. पंधरा बाणांत एक चुकला तो जिंकला, आणि दोन चुकले तो जगात पहिला असूनही हरला.

त्याच वर्षी मेक्सिकोत विश्वचषकाच्या अंतिम फेरीत प्रथमेशच्या वाट्याला रौप्य आलं. तिथे 148-148 अशी बरोबरी झाली आणि जादा बाणावर सोनं हुकलं. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासोबत त्याने सांघिक सुवर्ण घेतलं. कंपाउंड प्रकार तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हता. 2028 ला येतोय, तोही फक्त मिश्र दुहेरीत. म्हणजे ज्या वयात पोराला "पुढे काय?" असं विचारतात, त्या वयात हा मुलगा ऑलिम्पिकचं दारच नसलेल्या खेळात रोज बाण सोडत होता. त्याच्या घरी हा प्रश्न कोणी विचारला होता का, मला माहीत नाही. मी मात्र विचारला होता.

मग चौकशी केली. सातारा जिल्ह्यातल्या शेतमजुराचा मुलगा प्रवीण जाधव आमच्या अमरावतीतच तयार होऊन टोकियो ऑलिम्पिकपर्यंत गेला, हे तेव्हा कळलं. आणि हेही कळलं की सुरुवात लाखाच्या धनुष्याने करावीच लागत नाही. बांबूच्या धनुष्यानेही होते. माझी माहिती अर्धवट होती, आणि त्या अर्धवट माहितीवर मी एका पोराचं तोंड बंद केलं होतं.

अब्बा सांगायचे, आपल्या दीनमध्ये तीरंदाजीला मान आहे. आम्ही ते वाझमध्ये ऐकायचो, मान डोलवायचो आणि घरी येऊन पोरांना म्हणायचो, "पहले पढाई कर."

जूनमधल्या एका रविवारी भाच्याला अमरावतीच्या मैदानावर नेलं. परवानगीसाठी आपाला दोन दिवस मनवावं लागलं. पहिल्या दिवशी त्याचा एकही बाण लक्ष्याला लागला नाही. दहा फुगे फोडणारा पोरगा! दोरीने हाताची कातडी सोलली. मला वाटलं, उतरलं याचं भूत.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. आसेगाव गेल्यावर म्हणाला, "मामू, अगले इतवार को पहली बस कितने बजे है?"

या वेळी मी हसलो नाही. कंडक्टरला विचारलं.