पवईच्या तळ्यावर गळाची स्पर्धा

मुंबई म्हटली कीं समुद्र डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि मासेमारी म्हटली कीं कोळ्यांच्या होड्या व जाळीं. परंतु याच मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीच्या पूर्वेस व विक्रोळीच्या पश्चिमेस, गोड्या पाण्याचें एक विस्तीर्ण तळें आहे. पोटासाठीं नव्हे, तर निव्वळ छंद म्हणून त्याच्या कांठीं गळ टाकून तासन् तास बसणारी मंडळी आहेत, ही गोष्ट आपल्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. मत्स्याहार ज्यांच्या घरीं निषिद्ध, त्यांना या वर्णनाचें काय, अशी शंका कोणी घेईल. प्रस्तुत लेखक स्वतः शाकाहारी आहे. आणि हा विषय स्वयंपाकघराशीं नव्हे, तर तळ्याच्या आरोग्याशीं निगडित आहे.

पवईचें तळें निसर्गानें घडविलेलें नव्हे. मुंबईस विहारचें पाणी १८६० सालीं व तुळशीचें १८७९ सालीं मिळालें, तरी वाढत्या शहराची तहान भागेना. तेव्हां मिठी नदीच्या खोऱ्यांत, दोन टेकड्यांच्या मध्यें बांध घालून १८९० सालीं हा तलाव तयार करण्यांत आला. त्यास त्या वेळचे सुमारें १२ लाख ५९ हजार रुपये लागले. पूर्ण भरला असतां त्यांत सुमारें ५४५ कोटी लिटर पाणी मावतें, आणि पाण्याचा विस्तार २.२३ चौरस किलोमीटर होतो. परंतु पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं. १८९२ सालीं तानसाचें पाणी शहरांत आलें आणि पवईची निकड संपली. आजहि तें पाणी पिण्याकडे न जातां कारखाने व आरे वसाहत यांच्या कामीं येतें. सेवेंत रुजू होतां होतांच निवृत्त झालेला असा हा तलाव. त्याच्याविषयीं एका निवृत्त शिक्षकास आपुलकी वाटावी यांत नवल नाहीं! पुढें त्याच्या कांठीं गळाच्या शौकिनांनीं बस्तान बसविलें. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही त्यांची जुनी संस्था याच तळ्यावर आहे.

येथील मुख्य मासे म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. तिघेहि एकाच कुळांतले, पण त्यांनीं पाण्याचे मजले जणूं वांटून घेतले आहेत. कटल्याचें तोंड वर वळलेलें, म्हणून तो पृष्ठभागाजवळ चरतो. रोहू मधल्या थरांत फिरतो. आणि मृगळ तळाशीं चारा शोधतो. जबड्यांत दांत एकालाहि नाहींत. ते असतात घशांत. रोहू म्हणजेच संस्कृतांतील रोहित. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत हव्यकव्यास ग्राह्य मानलेल्या मत्स्यांत त्याचें नांव आहे, आणि रामायणांतील पंपासरोवराच्या वर्णनांतहि त्यास स्थान आहे. विशेष असा कीं, हे मासे स्थिर पाण्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. त्यांना पावसाळ्यांतील वाहत्या नदीचा पूर लागतो. १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं मेंदूलगतच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोंचून या जातीच्या माशांकडून अंडीं घालविण्यांत यश मिळविलें, आणि तळ्यांत सोडावयाचें बीज हुकमी मिळण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे पवईचें पाणी माणसानें अडविलेलें, आणि त्यांतले हे मासेहि माणसानेंच सोडलेले. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

माझे एक जुने विद्यार्थी या छंदांत मुरलेले आहेत. त्यांच्या आग्रहावरून एका रविवारीं मी स्पर्धा पाहण्यास गेलों. सकाळीं सहा वाजतां चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाची बसण्याची जागा ठरली. नियम सोपे होते. प्रत्येकास दोन काठ्या. वेळ दुपारीं चारपर्यंत. धरलेला मासा जिवंतच काट्यावर तोलून लगेच पाण्यांत सोडावयाचा. आणि ज्याच्या माशांचें एकूण वजन अधिक तो विजयी. आमच्या स्पर्धकानें प्रथम पेंड व भाताचा कोंडा भिजवून त्याचे गोळे आपल्या जागेसमोर पाण्यांत टाकले, म्हणजे मासे तेथें जमून राहतात. मग भाजलेलें बेसन, कणीक, मध व बडीशेप यांची गोळी गळास लावली. हें आमिष इतकें सुवासिक होतें कीं, मत्स्यांच्या आधीं आपणच त्यास बळी पडूं, असें मला क्षणभर वाटलें! मोरपिसाच्या देठाची एक काडी पाण्यावर उभी तरंगत राहिली, आणि तिच्यावर डोळे लावून आम्ही बसलों.

नऊ वाजले, दहा वाजले, काडी हलेना. या दीर्घ अवकाशांत मला ‘मानसोल्लासा’चें स्मरण झालें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या विनोदांचें वर्णन करतांना ‘मत्स्यविनोद’ या नांवाचें एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचीं राहण्याचीं स्थळें, त्यांस द्यावयाचा चारा, दोरी, काठी व गळ यांचें विवेचन त्यांत आढळतें. इंग्रज लोक या कलेचा आद्य आचार्य म्हणून आयझॅक वॉल्टन याचें नांव घेतात. त्याचा ग्रंथ १६५३ सालचा. म्हणजे आमचा राजा त्याच्या पांचशें वर्षें आधींचा! मी हें सांगतांच विद्यार्थी हंसून म्हणाले, “गुरुजी, राजाला तळें स्वच्छ मिळालें असेल. आमचें पाहा.” त्यांनीं काठी ओढली, तों गळाला जलपर्णीचा झुबका व एक प्लॅस्टिकची पिशवी. स्पर्धेचा वेळ जात असतांहि त्यांनीं तीं दोन्हीं पुन्हां पाण्यांत न टाकतां कांठावरच्या पोत्यांत ठेवलीं.

साडेदहाच्या सुमारास काडी एकदां थरथरली आणि तिरपी होऊन पाण्याखालीं गेली. रीळ करकर वाजूं लागलें. दोरी ताणली तर तुटेल, सैल सोडली तर गळ निसटेल. या दोहोंच्या मधला मार्ग पंधरा मिनिटें संभाळल्यावर तांबूस झांक असलेला एक सुंदर रोहू हातजाळ्यांत आला. ओल्या हातांनीं त्याच्या ओठांतील गळ काढण्यांत आला. कोरड्या हातांनीं अंगावरचा बुळबुळीत थर जातो व माशास रोग जडतो. वजन भरलें तीन किलो. पाण्यांत सोडतांना विद्यार्थ्यानें त्याला क्षणभर आधार दिला, आणि शेंपटीचा एक फटकारा देऊन तो दिसेनासा झाला.

मी तेव्हां त्यांना स्पष्टच विचारलें, “खावयाचा नाहीं, तर त्या मुक्या जिवाला ही यातना कशासाठीं?” ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “यातना होत नाहींत असें मी म्हणणार नाहीं, गुरुजी. पण गळानें एक मासा दुखावतो, सांडपाण्यानें सारें तळें गुदमरतें. आणि तें आधीं दिसतें तें आम्हांला.” त्यांनीं पिशवींतून एक वही काढून दाखविली. तारीख, वारा, पाण्याची पातळी व रंग, मासे किती व केवढे, यांची पंधरा-वीस वर्षांची टिपणें त्यांच्याजवळ आहेत. सांडपाण्याच्या खतावर शेवाळ माजतें. तें दिवसां प्राणवायु देतें, पण रात्रीं पाण्यांतला प्राणवायु स्वतःच ओढून घेतें. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझांप करतात. अशा पहाटांची नोंद त्या वहींत तांबड्या शाईनें केलेली आहे. शेवटच्या पानांवर ती शाई वाढलेली पाहून मन उदास झालें.

चार वाजतां निकाल लागला. आमच्या विद्यार्थ्याच्या वांट्यास दोन रोहू आले, एकूण साडेपांच किलो. पलीकडच्या एका तरुणानें एकच कटला धरला. पण तो पावणेनऊ किलोंचा! त्याला बक्षीस मिळालें आणि सर्वांनीं मनापासून टाळ्या वाजविल्या.

हिंसेविषयींचा माझा आक्षेप अजून पुरता गेलेला नाहीं; गळ तो गळच. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सभोंवतीं गगनचुंबी इमारती उठल्या, आणि तेथून खिडकींतून तळें पाहणारे हजारों आहेत. परंतु त्याच्यापाशीं दिवसभर बसून त्याची नाडी पाहणारे थोडेच. तळ्याच्या कांठानें सुरू झालेलें सायकल-मार्गाचें बांधकाम मुंबई उच्च न्यायालयानें ६ मे २०२२ रोजीं बेकायदा ठरविलें, तें नागरिकांनीं दाद मागितली म्हणून. लक्ष ठेवणारा कोणी असेल तरच दाद मागितली जाते. निसर्गदत्त सरोवर कदाचित् आपली काळजी आपण घेईल. पण ज्याचा बांध आपण घातला आणि ज्यांत मासे आपण सोडले, त्याचें पालनहि आपल्यावरच येतें. आपल्या धर्मशास्त्रानें तळीं व विहिरी बांधणें हें पूर्तकर्म मानलें, आणि जीर्णोद्धारालाहि पुण्य सांगितलें. नवें तळें खोदण्याचें सामर्थ्य आपणां गृहस्थांजवळ नसेल. पण मुलांना घेऊन एकदां पवईच्या कांठीं जावें, निर्माल्याची पिशवी त्या पाण्यांत टाकूं नये, आणि पाण्याचा रंग बदललेला दिसला तर दोन ओळींचें पत्र महानगरपालिकेस धाडावें. एवढें पूर्तकर्म कोणासहि जड जाऊं नये.