पुरा वाटा

नकाशात पाहिले तर आमचे तोंडवली म्हणजे दोन पाण्यांमध्ये पडलेली एक अरुंद पट्टी दिसते. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कालावलची खाडी, आणि दक्षिणेकडे ही पट्टी निमुळती होत होत तळाशीलला खाडीच्या मुखाशी संपते. मध्ये माड, सुरूचे बन, वाघेश्वराचे देऊळ आणि पुळण. परगावचा माणूस हे सारे डोळे भरून पाहतो आणि खूष होऊन जातो. मला मात्र हे गाव प्रथम कानांनी दाखवले गेले, आणि दाखवणारा माणूस आंधळा होता.

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. पाच वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. आमच्या पिढीला देवीचा रोग पुस्तकातूनच ठाऊक. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० मध्ये तो जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. तात्यांच्या तोंडावर मात्र तो कायमचा लिहून ठेवलेला होता. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून ते वण बोटाने मोजत असे, आणि ते मध्येच कानशिलावर बोट ठेवून विचारीत, "ह्यो मोजलंस काय रे?" मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

त्यांच्या चालण्याचे शास्त्र एका वाक्याचे होते. "समुद्र उजव्या कानात गावलो काय तळाशील, डाव्या कानात गावलो काय घर. ह्येच्यात डोळे कित्याक होये?" काठी असे, पण ती बहुधा काखेत. कुत्रे आले तर उपयोगी, म्हणत. घरापासून भरतीच्या रेषेपर्यंत किती पावले हे त्यांना पाठ होते, आणि ती पावले दरवर्षी थोडी कमी होत आहेत, समुद्र किनारा खातो आहे, हे आमच्या घरात प्रथम त्यांनीच सांगितले.

अपंग माणसाविषयी लिहायला बसले की 'जिद्द', 'परिस्थितीवर मात' असे शब्द लेखणीच्या टोकाशी आपोआप येऊन बसतात. तात्यांना ते लावण्याची सोय नाही. ते तापट होते, दुपारी दोन तास घोरत, आणि बांगड्याच्या मधल्या तुकड्यासाठी लहान मुलासारखे भांडत. ताटात काय पडले आहे हे ओळखण्यात त्यांना कधी फसवता आले नाही. बाजारातून आणलेला मासाही ते शेपटीकडचे बारीक पर चाचपून पाहत आणि मगच आत पाठवीत. खाडीत कुजवलेल्या सोडणांच्या काथ्याचे सुंभ त्यांच्या तळव्यांतून असे निघे, की गावात होडीवाल्यांना दुसऱ्याचे चालत नसे. आणि सुंभ वळताना दशावतारातल्या राजापासून राक्षसापर्यंत सगळी सोंगे ते एकटेच करीत.

पण त्यांचा खरा जीव रापणीत. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकून यायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. ओढणाऱ्याला वाटा. ही हकीकत माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची, आजीकडून ऐकलेली. एका हंगामात कुणीतरी ठरवले, की आंधळ्याला अर्धा वाटा पुरे. तात्या एवढेच म्हणाले, "रापण डोळ्यांनी ओढतास काय हातांनी?" उत्तर आले नाही. त्यांनी तीन दिवस रापण ओढली आणि तिन्ही दिवस आपला अर्धा वाटा पुळणीवर तसाच टाकून ते घरी आले. कावळ्यांची चंगळ झाली. चौथ्या दिवशी पुरा वाटा आला. आम्हाला ही गोष्ट वीरकथा वाटे; आजी मात्र ती सांगताना अजूनही चिडते. "तेच्या मानापायी तीन दिवस आमी नुसत्या पेजेर काढले!"

पुढे त्यांना अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले. त्यावर १०० टक्के असे लिहिले होते. मी ते वाचून दाखवताच तात्या ओटीवरून ओरडले, "शंभरातले शंभर! आमच्या घराण्यात इतके मार्क कोणाक पडले रे?" मला त्या वर्षी गणितात छत्तीस होते.

मग त्यांचा उजवा कान गेला. आमची तोंडे उतरली, कारण समुद्र ऐकायचा तो हाच कान. तात्यांनी आठ दिवस कुणाशी धड भाषण केले नाही, आणि नवव्या दिवशी म्हणाले, "तळाशिलाक जावची वाट बंद झाली. परत येवची तेवढी उघडी असा." आणि स्वतःच इतके हसले, की ठसका लागला. कानयंत्र आणले, पण किनाऱ्यावर वारा त्यात असा घोंघावे की ते काढून खिशात ठेवीत. पुढे त्यांनी वारा गालावर घ्यायला आणि ओली-सुकी वाळू तळपायाने ओळखायला सुरुवात केली, आणि तळाशीलची वाट पुन्हा उघडली.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हाची रात्र मी विसरणार नाही. कौले उडत होती, सुरू कडाकड मोडत होते, वीज गेली ती पुढे कित्येक दिवस आली नाही. कंदील विझला आणि आम्ही सगळे एकमेकांवर आदळू लागलो. त्या काळोखात एकटे तात्या शांतपणे हिंडत होते. दोर आणला, पाण्याची कळशी उचलली, आजीला हाताला धरून आतल्या खोलीत नेले. "आज सगळे माझ्या गावात इलास! आता माझ्या मागसून चला."

यानंतर जे लिहायचे आहे ते लिहिणे मला जड जाते.

डावा कानही हळूहळू मंदावला, आणि आम्ही त्यांच्याशी बोलणे कमी केले. ठरवून नव्हे. दहा वाक्ये मोठ्याने ओरडून सांगण्यापेक्षा एक सांगावे, इतकेच. घरात सगळे हसले की ते विचारीत, "काय झाला?" आणि मी हातातला मोबाईल न सोडता म्हणे, "काय नाय, तात्यानू." एकदा त्यांनी ताट बाजूला सारले आणि म्हणाले, "'काय नाय' म्हणजे अर्धो वाटो. तो माका नको."

वर्गात आम्हाला हेलन केलरची गोष्ट शिकवली होती. एकोणीस महिन्यांची असताना दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेलेली ती मुलगी. १८८७ साली तिच्याकडे आलेली ॲन सुलिव्हन. तळहातावर बोटांनी घडवलेली अक्षरे. मी ते पाठ करून गुण मिळवले होते, आणि घरी आमचा माणूस ताट सारून बसला होता. तात्या शाळेत गेले नव्हते, अक्षरे कुठून येणार? तेव्हा आम्ही त्यांच्या हातावर घरच वसवले. अंगठा म्हणजे आजी, तर्जनी बाबा, मधले बोट आई, करंगळी मी. बोट दाबून माणूस सांगायचे आणि डाव्या कानाशी तोंड नेऊन बाकीचे सगळे, अगदी कोण कशावर का हसले तेही. फार वेळ जाई. विनोद दुसऱ्यांदा सांगताना तो किती भिकार होता हेही कळे. पण तात्या दोनदा हसत, एकदा विनोदाला आणि एकदा माझ्या फजितीला.

दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या दिवसांत ते अंथरुणाला खिळले. मी मालवणात होतो. दुपारभर ते आपलीच करंगळी दाबून आजीकडे तोंड करीत होते. संध्याकाळच्या एस.टी.ने मी पोहोचलो, त्यांच्या करंगळीला हात लावला. "पेपर कसो गेलो?" मी म्हटले, "बरो." त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पुरो सांग." मी पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली आणि पहिल्या प्रश्नापासून सांगू लागलो. चौथ्या प्रश्नाशी त्यांना झोप लागली. परवाच्या पहाटे ते गेले.

परवा गावी गेलो होतो. पुळणीवर कुणी नव्हते. डोळे मिटले, समुद्र उजव्या कानात घेतला आणि तळाशीलच्या दिशेने चालू लागलो. साठ-सत्तर पावले झाली असतील, तोच पाय पाण्यात गेले.