पिझ्मो बीचचे पाहुणे

कॅलिफोर्नियात मुलाकडे असताना जानेवारीत सहकुटुंब पिझ्मो बीचचे निलगिरीचे बन पाहिले. मोनार्क फुलपाखरे तेथे ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत मुक्कामास असतात. गारठ्यात त्यांना उडता येत नाही. पंख मिटलेले त्यांचे घोस वाळक्या पानांसारखे दिसत होते. वरच्या फांदीवर ऊन आले आणि ती ‘पाने’ एकाएकी केशरी झाली.

उन्हाळ्यातील मोनार्क काही आठवडेच जगते, हिवाळी पिढी मात्र सहा-आठ महिने. म्हणजे येथे येणाऱ्या एकानेही हे बन पूर्वी पाहिलेले नसते. पणजोबांच्या मुक्कामी पणतवंडे येतात, तीही वाट दाखवणारे वडीलधारे कोणी नसताना!

१९९७ साली पश्चिमेकडील गणनेत ती १२ लाखांवर होती. २०२० मध्ये २,००० देखील भरली नाहीत. पुढच्या वर्षी जवळपास अडीच लाख. असा चढउतार असलेल्या खात्यास मी कर्ज मंजूर केले नसते. अळ्यांना रुईच्या कुळातील झुडपेच लागतात आणि शेतांच्या कडेची तीच झुडपे नाहीशी होत आहेत.

पायवाटेवर अजून सावली होती. तेथे एक फुलपाखरू गारठून पडले होते. नात वाकली, पण हात लावायचा नाही हे तिला सांगितलेले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पाय पडू नये म्हणून आम्ही त्याच्याभोवती उन्हाची वाट पाहत उभे राहिलो.