फोनवर आहे की गाणं, लावा ना!

दोस्तांनो, हळदीच्या मांडवात डीजेच्या टेबलाभोवती सर्वांत जास्त कोण घुटमळतं? तुम्हीच! गेली बारा वर्षं मी टेम्पोत दोन टॉप, दोन बेस आणि जनरेटर घालून सातारा-कराड भागात गाणी वाजवत फिरतोय, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो. तुमचा प्रश्नही ठरलेला. “दादा, माझ्या फोनवर आहे की ते गाणं. महिन्याचे पैसे भरलेत आम्ही. लावा ना!”

पैसे भरलेत हे खरं. पण कशाचे? गाणं विकत नाही घेतलं, ऐकायची परवानगी घेतली. वाचनालयाची वर्गणी भरली म्हणून पुस्तक आपलं होतं का? तसंच हे. शिवाय स्पॉटिफायसारख्या सेवेच्या अटींतच लिहिलेलं असतं, की ही वर्गणी स्वतःच्या ऐकण्यापुरती. चारचौघांत वाजवून धंदा करायला नाही. ती बारीक अक्षरं कुणी वाचत नाही, तुमचे बाबासुद्धा!

“पण आम्ही डाउनलोड केलंय!” असं तुम्ही म्हणाल. आता गंमत बघा. त्या डाउनलोडला कुलूप असतं, ते त्याच अ‍ॅपमध्ये उघडतं. माझ्या लॅपटॉपला मात्र मोकळी फाइल लागते, कारण मला नुसतं गाणं लावायचं नसतं. मिनिटाला ठेके किती पडतात, हे सॉफ्टवेअर मोजतं. चालू गाणं १०० ठेक्यांचं आणि पुढचं १०४ चं असेल, तर पुढचं किंचित मंद करायचं, ठेक्यावर ठेका बसवायचा आणि हळूच सरकवायचं. नाचणाऱ्याचा पाय अडत नाही. आमच्या धंद्यातली करामत एवढीच, बाकी दिवे आणि धूर!

टायडल, बीटपोर्ट अशा काही सेवा डीजेच्या सॉफ्टवेअरला थेट जोडता येतात. पण दार त्यांचं, किल्लीही त्यांचीच. स्पॉटिफायने ही जोडणी जुलै २०२० मध्ये बंद केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू केली, तीही वैयक्तिक वापरापुरतीच. गाणीसुद्धा कधी नाहीशी होतात बरं का. मार्च २०२३ मध्ये करार जमला नाही, म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली होती. नवरी मांडवात उभी आणि गाणं गायब, कसं चालेल?

म्हणून मी गाणी विकत घेतो. जुन्या मराठी गाण्यांच्या सीड्या तर दुकानं बंद होताना पोत्यानं आणल्या. घरचे हसले. हसू देत.

लग्नाची एक गोष्ट मात्र पालकांनीही ऐकावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. शाळेच्या कार्यक्रमालाही आहे, पण प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी आणि पालक एवढेच असतील तर. हॉटेलातल्या ३१ डिसेंबरच्या पार्टीला ती नाही. तिथं परवाना काढावा लागतो. आणि कायद्यानं सूट दिली, तरी वर्गणीच्या अटी राहतातच. कायदा वेगळा, करार वेगळा. हे दोन्ही एकच समजून मोठी माणसंही माझ्याशी वाद घालतात.

मागच्या वर्षी कोयनेच्या खोऱ्यात एका हळदीला गेलो होतो. डोंगराआड गाव, नेटवर्कची एक रेघ नाही. मुंबईहून आलेले दादालोक फोन उंच धरून अंगणभर फिरत होते. सातवीतल्या एका मुलीनं मात्र तीन दिवस आधीच वडिलांच्या फोनवरून मला सांगून ठेवलं होतं, “काका, आमच्या आजोबांचं एक गाणं हवंय. त्यांच्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवलं होतं.” नाव तिला माहीत नव्हतं. तिनं चाल गुणगुणून दाखवली, तीही अर्धीच! दोन रात्री सीड्या उलथ्यापालथ्या केल्या तेव्हा सापडलं.

दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो, त्याच्या जरा आधी मी ते लावलं. पोरं थांबली, हे कसलं गाणं म्हणून एकमेकांकडे बघू लागली. आजोबा खुर्चीतून उठले, काठी नातीच्या हातात दिली आणि आजीकडे बघत जागच्या जागी दोन पावलं नाचले.

मग मला हाक मारून म्हणाले, “आवाज जरा कमी कर रे, बाळा. शब्द ऐकू देत.”